डाव्या खुर्चीतला पोपट

आमच्या ड्रायव्हर-शाळेत तळमजल्यावर इंजिनाची एक कॅब आहे. नुसती कॅब. मागे डबे नाहीत आणि खाली रूळ तर नाहीतच. मोडीत निघालेल्या इंजिनाचं तोंड कापून आणलं आणि विटांच्या चौथऱ्यावर बसवलं. समोरच्या काचेबाहेर पडदा आहे, त्यावर रूळ पळतात, झाडं पळतात, सिग्नल येतात-जातात. विटांवर बसून गाडी लागलेली धडधाकट माणसं मी पाहिली आहेत. शिपायाला त्यासाठी बादली वेगळी ठेवावी लागते.

स्वतः गाड्या चालवून लाइनवरून उतरलो, तेव्हापासून मी इथे शिकवतो. विषय सुरक्षा. पहिल्याच तासाला मी सांगतो, या कॅबमधला एकही खटका कुणाला सहज सुचला म्हणून बसलेला नाही. कुठेतरी डबे एकमेकांत घुसले, चौकशी झाली, मग खटका बसला. चालत्या गाडीत ड्रायव्हरनं प्राण सोडला आणि गाडी तशीच धावत राहिली, म्हणून हे पायाखालचं पेडल आलं. पाय दाबून ठेवायचा. सुटला की ब्रेक. त्याचं नावच मेलेल्या माणसाचं पेडल. मग कुणीतरी पायाला आराम म्हणून पेडलवर हत्यारांची पेटी ठेवून दिली. पुन्हा अपघात. म्हणून बझर आला. अधूनमधून दिवा लागतो, बझर वाजतो, आणि बटण दाबून सांगायचं की अजून आहे बाबा, आहे. तर हात झोपेत बटण दाबायला शिकले. पुन्हा अपघात. आता लाल सिग्नल ओलांडला की गाडी आपोआप थांबते. पण तीही ओलांडल्यावर.

सगळ्यात जुनी सुरक्षा मात्र बिनतारेची. तिला आम्ही पुकारा म्हणतो. ड्रायव्हरनं सिग्नल पाहायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "हिरवा." डावीकडच्या खुर्चीतल्या असिस्टंटनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि म्हणायचं, "हिरवा." एकाचे डोळे चुकले तर दुसऱ्याचे आहेत. यात चूक एकच होते, आणि ती आमच्याच धंद्यात होते. वर्षानुवर्षं शेजारी बसून असिस्टंट सिग्नल पाहणं सोडून देतो आणि नुसतं ड्रायव्हरचं ऐकतो. जुन्या संसारात "हं" म्हणतात तसं ते उत्तर येतं.

हे पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून मी एक गोष्ट रचली. अपघातांचे अहवाल कोरडे असतात, पोरं पेंगतात. गोष्टीतल्या असिस्टंटचं नाव पोपट. बारमाही सर्दी, गळ्याला मफलर, डोळे मिटलेले. ड्रायव्हर म्हणाला "हिरवा", हा नाकातून म्हणाला "हिरवा", आणि सिग्नल होता लाल. ते नाकातलं "हिरवा" मी असं काढायचो की वर्ग आधी खिदळायचा आणि मग गप्प व्हायचा. असा माणूस कधी नव्हता. लोक मला थापाड्या म्हणतात ते खरं आहे, पण तो नव्हता एवढ्यावर तरी विश्वास ठेवा.

पुढे असिस्टंटच बंद झाले. खर्च फार, यंत्रं आली, एक माणूस पुरे. डावी खुर्ची रिकामी राहिली. पुकाऱ्याचा नियम मात्र कुणी काढला नाही. ड्रायव्हर एकटाच म्हणतो "हिरवा", आणि कॅबमध्ये कुणी काही म्हणत नाही.

माझा जावई असाच एकटा ड्रायव्हर. एका सकाळी त्यानं लाल सिग्नल ओलांडला, इंजिनाच्या लांबीएवढाच. यंत्रानं गाडी थांबवली, कुणाला खरचटलंही नाही. पण त्याला लाइनवरून उतरवलं. शाळेत यायचं, या कॅबमध्ये साहेबांसमोर परीक्षा द्यायची. पास झाला तर पुन्हा गाडी. नापास झाला तर कॅबचं दार कायमचं बंद, गोदामात पावत्या फाडत बसायचं.

"तू पुकारलंस का नाही?" मी विचारलं. शाळेत मी त्याला अरे-तुरे करतो. घरी आलो की तो जावईबापू आणि मी अहो-जाहो. तेवढा मान त्याचा मी ठेवतो.

"पुकारलं ना, बाबा. हिरवा म्हणालो. सवयीनं."

"आणि?"

"आणि काय? शेजारून कोण सांगणार होतं, बाबा रे, लाल आहे म्हणून." मग म्हणाला, "ते यंत्र विचारतं सारखं, आहेस का, आहेस का. वैद्यानं नाडी बघावी तसं. सोबत नाही होत त्याची."

घरी माझी लेक, तिच्या कडेवर छोटी. लेक रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "बाबा, त्यांना पास करून घ्या. गोदामात गेले तर कोमेजतील. पण लाइनवर जाऊन त्यांचं काही आडवंतिडवं झालं तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडून मलाच मार."

"हो. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलंत ना?"

जावयाची परीक्षा घ्यायला मला मनाई, पण सराव घ्यायला नव्हती. जेवणाच्या सुट्टीत शाळा रिकामी असते. तो कॅबमध्ये बसायचा आणि मी मागच्या बाजूला बटणांच्या फळीशी. कुठला सिग्नल कधी द्यायचा ते मी ठरवायचं. पडदा त्याला, बटणं मला.

पहिल्या दिवशी त्यानं पुकारलं, "हिरवा."

आणि कॅबमधून आलं, "हिरवा."

नाकातून, सर्दी झाल्यासारखं. मी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडत होतो, ते हातातच राहिलं.

"माझी नक्कल करतोस?" मी आत डोकं घातलं. "गाडी चालव आधी."

"मला वाटलं तुम्ही," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला मी त्याच्या ओठांकडे बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "पिवळा." ओठ मिटले. डाव्या खुर्चीतून आलं, "पिवळा." खुर्चीचं रेक्झिन मधोमध फाटलेलं, आत पिवळा पडलेला स्पंज. बाकी काही नाही.

वायरमनला बोलावलं. त्यानं स्पीकर तपासले, पत्रे ठोकले, खुर्ची उलटी करून पाहिली. "मास्तर, इथे तार येतच नाही," तो म्हणाला. "दगडी भिंती आहेत, आवाज फिरून येत असेल. की तुमच्या पोपटाला घरटं सापडलं?" तो हसला. त्यानंही ती गोष्ट माझ्याच वर्गात ऐकली होती. मीही हसलो. माझाच पोपट झाला म्हणालो, आणि विषय संपवला.

विषय संपला नाही. जावई रोज सुधारत गेला. खांदे सैल पडले, हात शांत झाले. डब्यातलं जेवण संपवू लागला. उत्तर आधी त्याच्या पुकाऱ्यामागून यायचं, मग पुकाऱ्याबरोबर येऊ लागलं, आणि एके दुपारी पुकाऱ्याच्या आधी आलं.

"लाल," डावी खुर्ची म्हणाली.

"लाल," जावई म्हणाला, आणि ब्रेकला हात घातला.

पडद्यावर काहीच नव्हतं. माझं बोट लालच्या बटणावर होतं, पण मी ते दाबलं नव्हतं. नुसतं मनात आलं होतं.

मी जुना माणूस आहे, पण खुळा नाही. दुसऱ्या दिवशी मी ठरवून बसलो. खुर्चीतून आलं, "पिवळा." मी मुद्दाम हिरवं बटण दाबलं. ते खाली जाईना. अंगठ्यानं दाबलं, तळव्यानं दाबलं. तोवर माझं कोपर फळीवरच्या पिवळ्या बटणावर टेकलं आणि पडद्यावर पिवळा लागला. वायरमननं नंतर फळी उघडली. हिरव्याच्या बटणाला काही झालेलं नव्हतं. त्यानं एका बोटानं दाबून दाखवलं.

मग मी पुढे जाऊन, काचेच्या बाजूनं, जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. पाय पेडलवर अलगद, हात बरोबर जागी, बझर झाला की बटणावर बोट. समोर रूळ पळत होते आणि तो ते पाहत नव्हता.

"डोळे उघड."

"उघडतो की." त्यानं उघडले. "उगाच चिडता. एकही सिग्नल चुकला का?"

"तू कुठे चालवतोयस? तू त्याचं ऐकून बोलतोयस. पोपट तूच झालास."

"असू दे ना, बाबा." आवाज इतका निवांत की मला भीती वाटली. "इतकी वर्षं एकटा होतो तेव्हा कुणी विचारलं नाही."

आता मी काय करायचं होतं? साहेबांना जाऊन सांगायचं, साहेब, मी रचलेला माणूस माझ्या जावयाला सिग्नल सांगतो? माझ्या तोंडून खरी गोष्टही थाप वाटते, ही तर थापच वाटली असती. आणि गप्प राहायचं, तर हा उद्या मिटल्या डोळ्यांनी गाडीभर माणसं घेऊन निघणार. मी स्वतःला समजावलं, परीक्षेत डाव्या खुर्चीत साहेब बसतील. खुर्ची भरली की प्रश्न मिटला.

साहेब परीक्षेत बोलत नाहीत. शिंक आली तरी गिळतात, अशी त्यांची ख्याती. ते डाव्या खुर्चीत बसले, मांडीवर कागद घेतला. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. परीक्षा सुरू झाली. पहिला सिग्नल आला, तरी जावई पुकारेना. डोळे उघडे होते त्याचे, कपाळावर घाम.  मला आत कुठेतरी बरं वाटलं.

साहेबांचे ओठ हलले. "हिरवा," ते नाकातून म्हणाले.

जावयाचे खांदे खाली आले. "हिरवा," तो म्हणाला, आणि पापण्या मिटल्या.

सगळी परीक्षा तशी झाली. बाहेर आल्यावर साहेबांनी माझा हात हातात घेतला. "तुमचे जावई फार पुढचं बघतात हो. सिग्नल दिसायच्या आत हात तयार."

"साहेब, आपण साथ दिलीत पुकाऱ्याला, म्हणून."

"मी?" त्यांनी भुवया वर केल्या. "मी परीक्षेत बोलत नसतो." आणि रुमाल काढून नाक पुसलं. "सर्दी झालीय वाटतं."

पहिल्या फेरीला मी हट्टानं त्याच्याबरोबर गेलो. जुना मास्तर म्हणून परवानगी मिळाली. लख्ख सकाळ होती. मागे डबे भरलेले, खिडक्यांतून हात बाहेर. लेक फलाटावर आली होती. छोटीचा हात धरून तिनं तो हलवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बजावणं शब्दांत सांगायची गरज उरली नाही.

मी डाव्या खुर्चीत बसलो.

गाडी सुटली. तो म्हणाला, "हिरवा." मी सिग्नल नीट पाहिला, डोळे ताणून पाहिला, आणि म्हणालो, "हिरवा." माझाच आवाज. पुढचा सिग्नल, तसाच. त्याच्या पुढचा, तसाच. तो डोळे उघडे ठेवून होता. नदीचा पूल गेला, वीटभट्ट्या गेल्या. मी त्याला म्हणालो, "बघ, आपल्याच डोळ्यांनी चालते की नाही?"

"चालते," तो म्हणाला. "आता बरं वाटतंय."

मीही सैलावलो. खुर्चीत मागे टेकलो. रूळ वळणावर वळत होते, ऊन काचेवर होतं.

"हिरवा," मी म्हणालो.

"हिरवा," तो म्हणाला.

वळण संपल्यावर सिग्नल दिसला. हिरवा होता.

मी तोंड बंद केलं. दात दातांवर दाबले. घशात काहीतरी सरकत होतं, आवंढ्यासारखं, पण उलट्या दिशेनं.

"हिरवा."

माझे ओठ उघडले होते. मी ते उघडले नव्हते. आवाज नाकातून आला होता.

जावयाकडे पाहिलं. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर ते निवांतपण.

"डोळे उघड," असं मला म्हणायचं होतं.

"लाल," मी म्हणालो.

"लाल," तो म्हणाला, आणि ब्रेक लावला.

समोर सिग्नल लांबवर दिसत होता. स्वच्छ हिरवा. गाडी कण्हत, करकरत थांबली. मागच्या डब्यांतून बोंबाबोंब ऐकू येऊ लागली. वॉकी-टॉकीवर गार्ड विचारत होता, काय झालं, हिरव्याला कशाला थांबलात.

 

आम्ही तसेच बसून होतो. बझर वाजला, त्यानं बटण दाबलं.

मग सिग्नल लाल झाला.

पुढच्या वळणावर दगडांनी भरलेला ट्रक फाटक तोडून रुळांवर आडवा झाला होता. फाटक तुटलं तेव्हा आम्ही थांबून बसलेले होतो. चालत राहिलो असतो तर तोवर सिग्नलच्या पुढे गेलो असतो, आणि आपोआप थांबवणाऱ्या यंत्राच्या हाती काही उरलं नसतं. ट्रकवाला शेतात उडी मारून वाचला. माणसं खाली उतरली आणि इंजिनापाशी येऊन जावयाला हात जोडू लागली. एका म्हातारीनं विचारलं, "कसं कळलं रे, लेकरा?"

"पुकारा झाला," तो म्हणाला.

माझा घसा पुढे बरेच दिवस दुखत होता.

तेव्हापासून तो शाबासकीचा धनी आहे. साहेब वर्गात त्याचं उदाहरण देतात. लेक खूश. शाळेतली डावी खुर्ची मात्र गप्प झाली. मी जेवणाच्या सुट्टीत एकटाच तिच्याशेजारी बसून पाहिलं, "हिरवा" म्हणून पाहिलं, नाकातून म्हणून पाहिलं. काही नाही. फाटलेलं रेक्झिन आणि स्पंज. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पोपटाची गोष्ट वर्गात सांगणं बंद केलं.

मग घरी सुरू झालं. आधी मला विनोद वाटला. छोटी बोलायला लागायच्या वयाची. तिला मांडीवर घेऊन जावई म्हणाला, "काऊ." थोड्या वेळानं तिनं खिडकीकडे बोट केलं आणि आयुष्यातला पहिला शब्द म्हणाली, "काऊ." लेकीनं तिला उचलून घेतलं, पापे घेतले. मी जावयाकडे पाहत राहिलो. त्याला सर्दी झाल्यासारखी वाटत होती.

एके संध्याकाळी तो पेपर वाचता वाचता नाकातून म्हणाला, "अगं बाई, दूध गेलं." स्वयंपाकघरात गॅसही पेटलेला नव्हता. बऱ्याच वेळानं, तो अंगणात चपला घालत असताना, आतून लेक ओरडली, "अगं बाई, दूध गेलं." तिचेच शब्द, तिचाच सूर, फक्त नाकातून नाही.

"जावईबापू, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कशाचं काय, बाबा?"

"तुम्ही बोललात ते."

"मी काही बोललो नाही," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. साहेबांनी वर केल्या होत्या तशा त्याच्या भुवया वर गेल्या.

लेकीला मी काही सांगितलं नाही. नवरा धडधाकट घरी येतो, गाडीभर माणसं वाचवतो, पोरीला शब्द शिकवतो. तिला काय सांगणार? मी फक्त ऐकत असतो. पुकारा आधी, माणूस मागून. मधलं अंतर दिवसेंदिवस वाढतंय एवढं माझ्या लक्षात आलंय, आणि एकदाही चुकलेलं नाही.

काल दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तो माझ्या डाव्या हाताला. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मला चांगली भूक होती. तब्येत माझी उत्तम आहे, हे मी मुद्दाम सांगतो. लेक समोर बसून छोटीला भरवत होती, तिच्याशी गाणं गुणगुणत होती.

जावयाचा घास हातात थांबला. डोळे मिटले.

"अहो, लवकर या," तो हळूच नाकातून म्हणाला, लेकीच्या सुरात. "बाबा उठत नाहीत."

लेकीनं मान वर केली. "मला काही म्हणालात का?" तिनं विचारलं, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.